ज्या नावाने ओरडता येत नाही

"अजून बाळाचा पत्ता नाही आणि आमचं नावावरून वाजतंय, हे नॉर्मल आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता मी आधी हो म्हणून टाकते आणि मग पुढचं विचारते. लग्न ठरलेली जोडपी यावरून भांडतात, लग्नाला पाच वर्षं झालेलीही भांडतात, आणि जिचं अजून कशातच काही नाही अशी मुलगीसुद्धा फोनमधे नावांची लिस्ट ठेवून असते आणि बहिणीने त्यातलं एक नाव स्वतःच्या मुलीला दिलं की दोन महिने तिच्याशी बोलत नाही. (या 'माझं नाव चोरलं' प्रकाराबद्दल एकदाच सांगते. अमेरिकेत १९७० ते १९८४ सलग मुलींच्या नावांत जेनिफर एक नंबरला होतं. त्या सगळ्या आईबापांनी काय एकमेकांच्या लिस्ट पाहिल्या होत्या? एकाच काळात वाढलेल्या लोकांना साधारण तीच नावं गोड वाटतात आणि प्रत्येकाला वाटतं हे फक्त मलाच सुचलंय.)

बहुतेक भांडणं साधी असतात आणि ती सोडवायला समुपदेशक लागत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर नावं लिहायची, कागद बदलायचे, जे नको ते खोडायचं आणि का खोडलं हे विचारायचं नाही. कारण विचारलं की संपलं, मग शाळेतला तो चिडवणारा मुलगा, ती जुनी मैत्रीण, ते ऑफिसमधले साहेब सगळे बाहेर येतात आणि नाव राहतं बाजूला. जे उरेल त्यातलं एखादं थोडं कमी आवडलं तरी चालतं, कारण रोज कानावर पडणारी गोष्ट माणसाला हळूहळू आवडायला लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने १९६८ मधे हे प्रयोगांनी दाखवलं होतं, आणि अनोळखी, काही अर्थ न लागणाऱ्या शब्दांबद्दल जर असं होत असेल तर स्वतःच्या पोराच्या नावाबद्दल होणारच.

पण एक प्रकार असा आहे की तिथे हे कागद-पेन चालत नाही, कारण तिथे भांडण होतच नाही. आज त्याच्याबद्दल लिहायचंय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि नावं तर एकाचंही देणार नाही, हो, नावांवरच्या लेखात कुणालाच नाव नाही, काय करणार.

हे दोघं माझ्याकडे आले ते नावासाठी नाहीच. तक्रार त्याची होती. "हिला मूल नकोय असं वाटतं, पण ती तसं स्पष्ट सांगतही नाही, दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणते." आधी नोकरी नवीन होती, मग घर बदलायचं होतं, मग तिच्या आईचं ऑपरेशन, मग पुन्हा नोकरी. प्रत्येक कारण खरं होतं. हे लक्षात घ्या, ती खोटं बोलत नव्हती. फक्त एक कारण संपलं की दुसरं तयार असायचं, आणि आता त्याच्या मनात बसलं होतं की हिला माझ्याबरोबर मूल नकोय.

तिला एकटीला भेटले तेव्हा मी नेहमीचं सगळं विचारलं. बाळंतपणाची भीती, शरीराची भीती, करिअर, नवऱ्यावर विश्वास, स्वतःचं लहानपण. कुठेच काही अडकेना. ती नीट उत्तरं देत होती, थोडी जास्तच नीट. मग मी सहज विचारलं, मुलगी झाली तर आवडेल की मुलगा, आणि तिने श्वासही न घेता म्हटलं, "मुलगी झाली तर मला काहीच टेन्शन नाही."

मग मुलगा झाला तर काय टेन्शन आहे?

बराच वेळ गप्प बसली आणि मग रडायला लागली. नवऱ्याला मोठा भाऊ होता. दादा. कॉलेजात असताना अपघातात गेला. तेव्हाच घरात कुणीतरी म्हणालं की हा धाकट्याच्या पोटी परत येईल, आणि दुःखात माणूस जे धरतो ते घट्टच धरतो, त्या घराने ते धरलं. लग्न ठरतानाच त्याने हिला सांगितलं होतं की मुलगा झाला तर दादाचं नाव ठेवायचं, आणि हिने तेव्हा हो म्हटलं होतं. कोण नाही म्हणेल? नाव साधंसं आहे, चांगलं आहे, इतर कुणाच्या मुलाचं असतं तर तिला आवडलंही असतं. पण लग्नानंतर सासूबाई कधीमधी तिच्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "माझा पोरगा कधी आणतेस?" माझा नातू नाही. माझा पोरगा.

"मला माझं बाळ हवंय हो," ती म्हणाली, "मला त्यांचा मुलगा नाही जन्माला घालायचा. पण हे मी कुणाला कसं सांगू, मेलेल्या माणसाशी कसं भांडू?"

मग ती काय करत होती, तर मूलच पुढे ढकलत होती. नावाला नाही म्हणता येत नाही म्हणून बाळाला नाही. ऐकायला विचित्र वाटेल पण अशा केसेस माझ्याकडे आधीही आल्यात, कारणं वेगळी, कुठे आजोबांचं नाव, कुठे नवस, कुठे गेलेल्या पहिल्या बाळाचं नाव, आणि बोलता न येणारा नकार दुसऱ्याच कुठल्यातरी दाराने बाहेर पडतो.

आता गेलेल्या माणसाचं नाव ठेवणं वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. जगात सगळीकडे ठेवतात आणि बहुतेक मुलं त्या नावाखाली मजेत वाढतात. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉखचंच घ्या, तो जन्मला ३० मार्च १८५३ ला आणि त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ ला, त्याच्या आईला मृत जन्मलेलं बाळ झालं होतं, त्याचंही नाव व्हिन्सेंट. लोक लगेच त्याच्या सगळ्या आजारपणाचं मूळ इथे शोधतात, मला ते फार सोयीचं वाटतं. त्याच्या आजोबांचं नावही व्हिन्सेंटच होतं, ते घराण्यातलं नाव होतं, बस. चित्रकार साल्वादोर दालीची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा भाऊ, तोही साल्वादोर, १९०३ च्या ऑगस्टमधे गेला आणि हा १९०४ च्या मे मधे जन्मला. पुढे त्यानेच सांगितलंय की आईवडील त्याला लहानपणी भावाच्या थडग्यापाशी घेऊन गेले आणि तूच तो परत आलास असं म्हणाले. दालीचं किती खरं मानायचं हा वेगळा विषय, माणूस गोष्टी रंगवून सांगायचा, पण जवळजवळ साठाव्या वर्षी, १९६३ मधे, त्याने त्या कधी न पाहिलेल्या भावाचं पोर्ट्रेट रंगवलं हे खरंच आहे. फरक नावाचा नाही, दोघांनाही मेलेल्या भावाचं नाव मिळालं होतं. फरक त्या नावाबरोबर काय काम सोपवलं याचा आहे. अल्बर्ट आणि बार्बरा केन या संशोधकांनी १९६४ मधे अशा मुलांबद्दल लिहिलं होतं ज्यांना गेलेल्या भावंडाच्या जागी 'भरती' म्हणून जन्म दिला गेला. ती उपचारासाठी आलेली मोजकीच मुलं होती, त्यामुळे सगळ्यांना तो नियम लावू नका, पण त्यातलं मुख्य दुखणं आजही ओळखीचं वाटतं. जो गेला तो कधीच चुकत नाही. जिवंत पोर रोज चुकतं.

पुढच्या वेळी दोघं एकत्र आले आणि तिने त्याच्यासमोर सांगितलं. आम्ही आधी ठरवलं होतं की ती 'मला ते नाव आवडत नाही' असं म्हणणार नाही, कारण ते खरंच नव्हतं, ती म्हणेल 'मला भीती वाटते'. तरी तो भडकलाच. "दादाच्या नावाची भीती वाटते तुला? तो काय भूत आहे?" मग एकदम गप्प. मग, "इतकी वर्षं का नाही बोललीस." ती म्हणाली, तुमच्या घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही तर मी कुठून सुरुवात करणार.

इथे मी नावाचा विषय पूर्ण सोडून दिला आणि त्याला म्हटलं, दादाबद्दल सांगा. तो म्हणाला, खूप हुशार होता, खूप प्रेमळ होता, सगळ्यांचा लाडका. हे फोटोखाली लिहितात तसलं. मी म्हटलं, काहीतरी वाईट सांगा. त्याला आवडलं नाही ते. पण थोड्या वेळाने सुरू झाला आणि थांबेचना. दादा पत्त्यांत चीटिंग करायचा. याचे शर्ट घालून जायचा आणि डाग पाडून परत आणायचा. एकदा नापास झाला तर मार्कशीट गादीखाली लपवली आणि आईने गादी उन्हात टाकली तेव्हा सापडली. शिट्टी इतकी भयंकर वाजवायचा की शेजारचे ओरडायचे. सांगता सांगता तो हसला, मग रडला, आणि बायको त्याच्याकडे बघतच राहिली, यातलं तिने एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि तिला दादा म्हणजे फक्त भिंतीवरचा हार माहीत होता.

मग मी त्याला विचारलं, तुमच्या घरात हे नाव शेवटचं मोठ्याने कुणी कधी उच्चारलं? त्याला आठवेना. ते लोक 'तो असता तर' असं म्हणतात, नाव घेत नाहीत.

आणि हे नाव तुम्ही मुलाला देणार. तो दोन वर्षांचा होईल, भिंतीवर रंग फासेल, दुधाचा ग्लास मुद्दाम उलटा करेल. तेव्हा या नावाने त्याच्यावर कोण ओरडणार? तुमची आई ओरडू शकेल?

तो म्हणाला, नाही.

तुम्ही?

बराच वेळ विचार करून म्हणाला, "नाही बहुतेक."

माझी कसोटी हीच आहे आणि मी ती सगळ्यांना देते, नाव कुणाचंही असो. त्या नावाने जोरात ओरडून बघा. रिकाम्या खोलीत, खरंच मोठ्याने, जेवायला ये, चपला काढ, खोटं बोलू नकोस, किती वेळा सांगायचं. जर घशात अडकत असेल तर ते नाव अजून गेलेल्या माणसाचंच आहे, बाळाला देता येईल इतकं मोकळं झालेलं नाही. बाळाला नावाचा अर्थ कळत नाही, त्याच्या मागचा इतिहास तर नाहीच नाही. पण साडेचार महिन्यांचं बाळ स्वतःचं नाव दुसऱ्या नावांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतं, हे १९९५ च्या एका अभ्यासात दिसलंय, आणि ते नाव त्याला कागदावरून नाही कळत, हाकेतून कळतं. ती हाक दरवेळी जरा भरून आलेल्या गळ्याने आली तर पोराला तेच आपलं नाव वाटणार ना.

त्याला मी एकच काम दिलं. घरी दादाचं नाव घ्यायला लागा. साध्या बोलण्यात, जेवताना, टीव्ही बघताना, 'दादा असता तर' असं नाही, 'दादा त्या मॅचला झोपला होता आठवतं का' असं. आणि आईशी तुम्ही बोला, बायको नाही. हा माझा पक्का नियम आहे, ज्याची आई त्याने बोलायचं, सुनेने सासूला हे सांगितलं की ते सुनेचं वाईटपण होतं, मुलाने सांगितलं की निदान दुःख दुःखच राहतं.

पहिल्यांदा आई उठून आत गेल्या म्हणे. काही दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनीच ती मार्कशीटची गोष्ट सांगितली, पण त्यांच्या बाजूने, की गादी उन्हात टाकायच्या आधीच त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मुद्दाम टाकली होती. तो मला हे सांगताना म्हणाला, आईला मी इतकं हसताना किती वर्षांनी पाहिलं.

नावाचं काय ठरलं, तर काहीच नाही. म्हणजे एवढंच ठरलं की बाळ येईपर्यंत कुणी काही ठरवणार नाही, दोघांपैकी एकाचंही 'नको' असेल तर ते नाव बाद, आणि दादाचं नाव त्यांनी बादच्या यादीत टाकलं नाही, तसंच ठेवलं. ती म्हणाली की आता तिला त्या नावाचा माणूस माहीत झालाय त्यामुळे तितकी भीती नाही वाटत, पण अजून होसुद्धा म्हणणार नाही. मला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं. 'पुढच्या वर्षी' हे शब्द मात्र बंद झाले, डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिनेच घेतली.

हे वाचून काही जण विचारतीलच की आमच्याकडे तर मोठ्यांनी नाव जाहीरच करून टाकलंय, आता काय? जाहीर केलं म्हणून ते लागू होत नाही. जन्मनोंदणीच्या कागदावर नाव आईवडील लिहितात, आणि नंतर घरात ज्याला जी हाक मारायची ती मारू दे, आजीचं वेगळं नाव असलं तर पोरांना उलट मजा वाटते. फक्त त्या आधी तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला आहात ना एवढं बघा, आणि जर तुमच्यातल्या एकाने नावाला पटकन हो म्हटलं असेल आणि त्यानंतर बाळाचा विषय निघाला की तो माणूस काही ना काही काम काढून उठत असेल, तर त्याला का उठलास म्हणून विचारू नका. मुलगी झाली तर कसं वाटेल, मुलगा झाला तर कसं वाटेल, असं वेगवेगळं विचारा आणि कुठल्या उत्तराला वेळ लागतो ते बघा.