गडचिरोलीतल्या गावात काय वाटावं, शेळ्या की शिलाई मशीन?

तुम्ही विचारलंय, आदिवासी कुटुंबांची खाण्याची आणि कमाईची सोय व्हावी म्हणून थोडा निधी आहे; शेळ्या द्याव्यात की शिलाई मशीन?

दोन्ही नको. शिवारात मोहाची झाडं उभी असताना बाहेरून वस्तू आणून वाटायची खोड मला पटत नाही. मोहाच्या फुलाची दारू गाळतात आणि जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, त्यामुळे मोहाचं नाव काढलं की संस्था बिचकतात. फुलाचा काय दोष? लोक ते खातातही आणि विकतातही.

मार्च-एप्रिलमध्ये फूल पहाटे गळतं. पाचोळ्यात दिसत नाही म्हणून झाडाखाली आग लावतात. त्यात मोहाची रोपं जळतात, वणवा लागतो आणि राख-माती लागलेल्या फुलाचा भाव व्यापारी पाडतो. त्यापेक्षा जाळी बांधा. बांबूच्या खुंट्यांवर, कडा कंबरेएवढ्या उंच, मधे झोळ, म्हणजे फुलं एका जागी जमतात. भोकातून करंगळी जाता कामा नये. मच्छरदाणीचं कापड मात्र नको, वाळकी फांदी पडली की टरकतं. ऊन चढायच्या आत माल उतरवा.

खरा घोळ वाळवताना होतो. ओलं फूल रात्रभर ढिगात राहिलं की गरम होऊन आंबतं, मग खायच्या कामाचं राहत नाही. तट्ट्यावर एकेरी थर, दिवसातून दोन-तीनदा परतणं, तीन-चार उन्हं. संध्याकाळी झाकायचं, अवकाळी सांगून येत नाही. वाळल्यावर वजन बरंच घटतं. मुठीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून एक ऊन द्या. फुलात साखर भरपूर, त्यामुळे पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढतं. नुसत्या पोत्यात श्रावणापर्यंत लगदा आणि अळ्या. आत जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड घट्ट, पोतं फळीवर.

एप्रिलमध्ये विकलेलं फूल पावसाळ्यात बऱ्याच घरांना चढ्या भावाने परत घ्यावं लागतं. यावर बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘यांना साठवायची सवयच नाही.’ अहो, एप्रिलात लग्नं असतात, उधारी फेडायची असते, घरात रोकड नसते. तुमचा निधी इथे लावा: ग्रामसभेने पोतं ठेवून घ्यावं, निम्मी रक्कम लगेच द्यावी, उरलेली भाव चढल्यावर. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे मोहफूल, बांबू अशा जंगलातल्या मालावरचा हक्क गावाकडे आलाय. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे त्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. मोहाला वेगळा नियम कशाला?

एक राहिलं. कुठल्या झाडाचं फूल कुणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं, विचारल्याशिवाय जाळी टांगू नका. फुलोराही दरवर्षी सारखा येत नाही, तेव्हा सगळा निधी एकाच हंगामात ओतू नका. आणि शेळ्या द्यायच्याच असतील तर वाळवण उरकल्यावर द्या. मोहफूल त्यांनाही फार आवडतं.