पांढऱ्या प्लेटची गाडी, अडकलेलं लायसन्स आणि ४८ हजारांची मागणी

प्रश्न : आम्ही ठाण्याचे. गेल्या महिन्यात चौघं गोव्याला गेलो होतो. पणजी, मिरामार, दोनापावला असं आपल्या सवडीने फिरता यावं म्हणून ओळखीतून एक गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेतली. दिवसाला २ हजार भाडं, ५ हजार डिपॉझिट. शिवाय मालकाने माझं मूळ लायसन्स ठेवून घेतलं. गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. ‘पोलिसांनी अडवलं तर मित्राची गाडी म्हणा,’ असं त्याने बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी पणजीच्या जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत वळताना गाडीची डावी बाजू चिऱ्याच्या भिंतीला घासली. दोन्ही दारांवर ओरखडे, मागच्या दाराला पोचा. कुणाला लागलं नाही. करमळी स्टेशनवर गाडी परत देताना मालकाने ४८ हजार मागितले : डेंटिंग-पेंटिंगचे २६, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहील त्याचे १४ आणि ‘गाडीची किंमत उतरली’ म्हणून ८ हजार. गाडीत वाळू दिसली म्हणून ‘किनाऱ्यावर गाडी घातलीत’ असाही आरोप केला. ट्रेन यायची वेळ झाली होती. लायसन्स हवं असेल तर पैसे टाका, म्हणाला. मी १५ हजार यूपीआयने दिले आणि ‘सर्व नुकसान भरून देईन’ अशा कागदावर सही केली. तरी लायसन्स दिलं नाहीच. आता डिपॉझिट धरून उरलेले २८ हजार दिले नाहीत तर एफआयआर करीन म्हणतो. तक्रार करावी, तर पांढऱ्या प्लेटची गाडी आम्हीच घेतली होती. काय करावं?

उत्तर : उरलेले २८ हजार देऊ नका. पण त्याचा धंदा बेकायदेशीर होता म्हणजे आपण सुटलो, असंही समजू नका. गाडी तुमच्या हातून घासली आहे आणि दुरुस्तीचा रास्त खर्च तुमच्याकडे निघतो. तो किती, एवढाच काय तो वाद. आणि तो आकडा स्टेशनवर उभ्या उभ्या एकट्या मालकाने ठरवायचा नसतो.

आधी तुमच्या भीतीचं बघू, कारण त्याचा सगळा जोर तिच्यावरच आहे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात. अशा गाड्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खालच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत येतात आणि त्यांना परमिट लागतं. पांढरी प्लेट म्हणजे खासगी वापराची गाडी. ती भाड्याने फिरवली तर परमिटशिवाय वापर केल्याबद्दल कलम १९२-अ लागतं : पहिल्या गुन्ह्याला १० हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. या कलमात गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघंही येतात. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

मात्र ही कारवाई बहुतेक वेळा रस्त्यावर, गाडी हाती सापडते तेव्हाच होते. सहल संपवून घरी परतलेल्या पर्यटकाला महिन्याभराने शोधत कुणी येईल, ही शक्यता मला फार कमी वाटते. मालकाची गोष्ट वेगळी. त्याची गाडी तिथेच आहे, आणि परमिट नसताना ती भाड्याने दिल्याबद्दल कलम ५३ खाली तिची नोंदणी चार महिन्यांपर्यंत निलंबित होऊ शकते. प्रकरण कागदावर आलं तर जास्त झळ कुणाला लागेल, हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तो सगळं फोनवर बोलतो. (ती ‘मित्राची गाडी’ नशिबाने कुणी तपासली नाही. त्या मित्राचं आडनाव विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. यापुढे कुणीही विचारलं, तरी खोटं सांगू नका.)

एफआयआरची धमकी पोकळ आहे. वळताना गाडी घासणं हा निष्काळजीपणा असेल, पण मुद्दाम केलेली नासधूस नव्हे. भाड्याच्या गाडीला ओरखडे पडले तर तो पैशाचा, दिवाणी वाद असतो. भिंतीचं तेवढं तपासा. तिची खरोखर पडझड झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायला हवं होतं. नुसता रंग लागला असेल तर त्यात वाढवण्यासारखं काही नाही.

आता ४८ हजारांचा हिशेब. भाड्याने घेतलेली वस्तू शहाण्या माणसाने आपल्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेऊन वापरायची, हा करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ चा दंडक आहे. तुमच्याकडून तिथे कसूर झाली, असं धरून चालू. तरी कलम ७४ चं तत्त्व असं की भरपाई खऱ्या नुकसानीपुरती, आणि नुकसान झाल्याशिवाय भरपाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. त्यामुळे २६ हजारांच्या जागी गॅरेजचं खरं बिल हवं, जीएसटीसह आणि फक्त डाव्या बाजूचं. गाडी ताब्यात घेताना तुम्ही फोटो किंवा व्हिडिओ काढला असेल तर आताच बघा. भाड्याच्या गाड्यांच्या बंपरवर आणि दारांच्या कडांवर आधीचे ओरखडे जवळपास नेहमीच असतात, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या खर्चात पूर्ण रंगकाम उरकून घ्यायची संधी सोडवत नाही.

गॅरेजमधल्या दिवसांचे १४ हजार मला मुळीच मान्य नाहीत. जी गाडी भाड्याने द्यायची परवानगीच नाही, तिचं बुडालेलं भाडं कोणत्या तोंडाने मागायचं? बेकायदेशीर कमाई भरून द्या, असं न्यायालयाला सांगण्याचं धाडस त्याचा वकीलही करणार नाही. किंमत उतरल्याचे ८ हजार नुसते हवेतले आहेत. पुरावा असेल तर दाखव म्हणावं.

विम्याचंही विचारा. ‘खासगी गाडी भाड्याने दिली, आता विमा मिळत नाही, म्हणून सगळं तुम्हीच भरा’ हा युक्तिवाद येणार. ती अडचण त्याने स्वतः ओढवून घेतलेली आहे. शिवाय अशा वापरात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने सरसकट फेटाळू नये, ठरावीक कपात करून निकाली काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. मला काळजी वेगळीच आहे. विम्याच्या अर्जात चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील भरावा लागतो, आणि तुमचं लायसन्स त्याच्या खिशात आहे. ‘मित्राने चालवली’ असं लिहून तो विमा कंपनीकडूनही पैसे घेईल आणि तुमच्याकडूनही. तसल्या अर्जावर किंवा जबाबावर सही मागितली तर साफ नाही म्हणा. दावा केला आहे का, हे नोटिशीतच विचारायचं.

स्टेशनवर सही केलेल्या कागदाने घाबरू नका. एक तर त्यात आकडा नाही. दुसरं, एखाद्याची वस्तू बेकायदा अडकवून ठेवून त्याच्याकडून करार करून घेणं याला करार कायद्याचं कलम १५ जबरदस्ती म्हणतं, आणि जबरदस्तीने घेतलेले पैसे कलम ७२ प्रमाणे परत करावे लागतात. ‘लायसन्स हवं असेल तर पैसे टाका’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे सापडतं का पाहा. सापडलं तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

लायसन्स तारण ठेवून घ्यायचा हक्क कोणत्याही खासगी माणसाला नाही. ते जप्त करायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ ने पोलिसांना दिला आहे, तोही ठरावीक कारणांसाठी. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, त्यामुळे तुमचं ड्रायव्हिंग अडलेलं नाही. पण एक वेडेपणा करू नका. ‘हरवलं’ असं लिहून डुप्लिकेट काढायचा सल्ला कुणीतरी देईलच. लायसन्स हरवलेलं नाही. कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत आहे. खोटी तक्रार केलीत तर आतापर्यंत त्याच्या अंगावर असलेला दोष तुमच्या अंगावर येईल.

वाळूचं उत्तर तुमच्याकडेच आहे. पायाला, चपलांना लागून आलेली वाळू असेल तर फार तर धुलाईचे पैसे. पण गाडी खरंच किनाऱ्यावर उतरवली असेल तर तुमच्या वकिलाला आधी सांगा. गोव्यात त्याला बंदी आहे, त्यावर गुन्हे दाखल होतात, आणि करार कायद्याच्या कलम १५४ प्रमाणे ठरलेल्या अटींबाहेर वापर केल्यास त्या वापरातलं नुकसान काळजी घेतली होती असं म्हणूनही टळत नाही.

आता पुढची पावलं. त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. १५ दिवसांची मुदत द्या. दुरुस्तीचं मूळ बिल, दुरुस्तीआधीचे फोटो आणि विम्याच्या दाव्याची माहिती मागा. लायसन्स बिनशर्त परत करायला सांगा. रास्त बिल निघेल ते त्याच्याकडे असलेल्या २० हजारांतून (डिपॉझिटचे ५ आणि यूपीआयचे १५) वळतं करून बाकी परत द्या, असं लिहा. समजा बिल १४ हजारांचं निघालं, तर ६ हजार तुमचेच येणं लागतात. भाड्याने घेतली होती हे नोटिशीत सरळ लिहा. यूपीआयच्या नोंदी तेच सांगतात.

दाद दिली नाही तर लायसन्सपुरती गोवा पोलिसांकडे लेखी तक्रार आणि पैशासाठी ग्राहक आयोग. त्यासाठी गोव्याला खेपा घालायच्या नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. तुमच्या रकमेला फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. तक्रार ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ अशीच मांडा. ‘अनुचित करार’ असा मथळा दिलात तर ते काम जिल्हा आयोगाच्या कक्षेबाहेर जातं आणि पहिल्या तारखेलाच अडतं. पांढरी प्लेट माहीत असून तुम्ही गाडी घेतलीत, हे तिथे विचारलं जाईल, आणि त्यामुळे मानसिक त्रासाची भरपाई कमी मिळेल किंवा मिळणारही नाही. तेवढी तयारी ठेवा.

नोटीस मिळाल्यावर तो बहुधा तडजोडीचा फोन करील. करायला हरकत नाही. फक्त पैसे देण्याआधी लायसन्स हातात घ्या, आणि पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, एकूण रक्कम आणि ‘आता काहीही येणं बाकी नाही’ हे वाक्य त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.