बायोकेमिस्ट्री घेतलीस, आता केमिस्ट्री सोडू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बीएस्सीला बायोकेमिस्ट्री घेतलीस हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. बारावीला तू गणित सोडलं होतंस, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. या विषयात गणितापासून सुटका नाही. पीएच (आम्लतेचं माप), बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) हे सगळं सुरुवातीलाच समोर येईल. लॉगॅरिदम, गुणोत्तर आणि आलेखाचा चढ एवढं पक्कं कर. रोज अर्धा तास दिलास तरी जमेल, पण टाळू नकोस.

बफरचंच बघ. ट्रिस बफरचा पीएच 25 अंशांना 8.0 करून ठेवला आणि तेच बफर 4 अंशांच्या कोल्ड रूममध्ये वापरलं, तर पीएच 8.6 च्या आसपास जातो. ट्रिसचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचभोवती ते बफर उत्तम काम करतं तो आकडा, तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.03 ने सरकतो, थंडीत वर चढतो. प्रयोग फसला की मुलं एन्झाइमला दोष देतात आणि बाटलीतल्या बफरकडे कुणी बघतच नाही.

पेशीत ग्लुकोज मोडतं त्या ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, मग त्यापुढची क्रेब्स सायकल. पाठ करून पेपर निघतो, मलाही ठाऊक आहे. पण सुट्टी लागली की सगळं पुसलं जातं. प्रत्येक पायरीला कागद-पेन घेऊन बस आणि विचार: कुठला बंध तुटला, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले? याचा उपयोग काय, असं वाटलं तर घरातला एखादा रक्ताचा रिपोर्ट काढ आणि त्यात एसजीपीटी शोध. हे यकृतातलं एन्झाइम ॲलॅनिनचा अमिनो गट काढून अल्फा-कीटोग्लुटारेटला देतं, आणि ॲलॅनिनचं पायरुव्हेट होतं. आता हे पायरुव्हेट मोजायचं कसं? त्यासाठी किटमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीएच आधीच घातलेलं असतं. पायरुव्हेट तयार झालं की लगेच त्याचं लॅक्टेट होतं आणि त्यात एनएडीएच खर्ची पडतं. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, त्यातून झालेलं एनएडी मात्र शोषत नाही. शोषण जितक्या वेगाने उतरेल तितकं रक्तात एसजीपीटी जास्त. तू पाठ करणार असलेल्या पायऱ्यांवरच ही तपासणी उभी आहे. हे एकदा स्वतः मांडून पाहिलंस की विसरणार नाहीस.

दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, कमला सोहोनी, 1933 साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. काही अटींवर प्रवेश मिळवला आणि काम करून दाखवलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन, असतं हे त्यांनी दाखवलं आणि 1939 साली पीएचडी मिळवली. त्यांचा पाया रसायनशास्त्राचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुय्यम विषय निवडायची वेळ येईल तेव्हा सोपा म्हणून भलतंच काही घेऊ नकोस, केमिस्ट्रीच घे.

प्रॅक्टिकलला चौघांच्या गटात एक जण पिपेट धरतो आणि बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. तू पिपेट धर. मागून घे, हवं तर भांड. प्रोटीनचा स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला आलेख) सरळ रेषेत येईपर्यंत हात बसत नाही.

नोकरीचं स्पष्टच सांगते. नुसत्या बीएस्सीवर औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल, अन्न तपासणीच्या लॅब अशी कामं मिळतात. संशोधनात जायचं तर एमएस्सी आणि पुढे पीएचडी, म्हणजे बरीच वर्षं. घरी हे आत्ताच बोलून ठेव. जॅमसाठी, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेसाठी, बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे, त्याचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षीच उघडून बघ. तिसऱ्या वर्षी वेळ पुरत नाही.

एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमच्या वेगाचा अभ्यास) सुरू झालं की तुझ्या आलेखाचा फोटो पाठव. केएम (कमाल वेगाच्या निम्म्या वेगाला लागणारं मूळ पदार्थाचं प्रमाण) तू कसा काढलास, ते बघू.

तुझी,
मावशी