मुंबईच्या इतक्या जवळ असून जव्हार-मोखाड्यात गरोदर बाईला अजून झोळीतून का न्यावं लागतं?

तुम्ही विचारलंय, मुंबईपासून दीडशेएक किलोमीटरवर अजून झोळी कशी, आणि इतक्या वर्षांत सरकारने केलं तरी काय? मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. पालघरकडची माणसं सतत भेटतात, म्हणून लिहिते.

काहीच झालं नाही, असं नाही. 1946 मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेची आखणी केली, 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. आदिवासी, डोंगराळ भागाला निकषही वेगळा: 20 हजार लोकांमागे एक केंद्र, 3 हजारांमागे एक उपकेंद्र. सपाटीवर हेच आकडे 30 हजार आणि 5 हजार आहेत. पण पाडे डोंगरभर विखुरलेले. डोकी मोजून ठरवलेलं केंद्र नकाशात जवळ दिसतं आणि चालायला लागलं की अर्धा दिवस जातो. पावसात ओढा भरला की तेही बंद. 108 ची गाडी राज्यात 2014 पासून आहे, पण ती डांबरापर्यंतच येणार. पाडा ते डांबर, तेवढ्यासाठी झोळी लागते.

मला जास्त छळतं ते डांबराच्या पुढचं. साधं बाळंतपण आरोग्य केंद्रात होतं. बाई अडली तर सिझेरियन, आणि त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हजर लागतात. एक जरी नसलं तरी ऑपरेशन थिएटर असून नसल्यासारखं. मग ग्रामीण रुग्णालयातून जव्हार, तिथून नाशिक नाहीतर सिल्वासा, आणि काही जणी थेट आमच्याकडे. नवरा किंवा सासू प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून टेबलावर ठेवतात. मी ते वेळेप्रमाणे लावते. सकाळचा एक शिक्का, दुपारचा दुसरा, रात्रीचा तिसरा, आणि प्रत्येकावर तोच शेरा: पुढील उपचारासाठी रेफर. खाली गर्भवतीचं कार्ड असतं. त्यात हिमोग्लोबिन कमी असल्याची नोंद गावातल्या आरोग्यसेविकेने, म्हणजे आशाताईंनी, कितीतरी आधी केलेली असते. म्हणजे धोका गावात ओळखला गेला होता, वर कुणी ऐकलं नाही. याचा मला खरंच संताप येतो.

कारण गावातली बाई काय करू शकते, हे आपल्याच राज्याने जगाला दाखवलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत शिकवले. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तीनेक वर्षांत 25 च्या आसपास आला. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर सुरू झाल्या. आशा 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे, आणि त्यांना अजून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. तोही वेळेवर मिळावा म्हणून त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं.

म्हणून माझं मत विचाराल तर नवी इमारत नंतर. आधी जव्हारसारख्या ठिकाणी चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्त, आणि आशांना नियमित पगार. तज्ज्ञ मिळत नसेल तर एमबीबीएस डॉक्टरला भूल द्यायला शिकवण्याची सोय याच अभियानात आहे. ती वापरायला हवी.

झोळीवर एक उपाय आजही आहे. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून 'माहेरघर' असतं. दिवस भरत आले की बाईने तिथे आधीच येऊन राहायचं, सोबत एक माणूस आणि लहान मूल चालतं. बायका यायला कां-कूं करतात कारण घरी भात लावणी असते, गुरं असतात, मजुरी बुडते. त्या पाड्यांवर तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर आठवा महिना लागला की आशाताईंकडे माहेरघराची चौकशी करायला सांगा. विशेषतः बाळंतपण जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर नक्की.