अकराव्या तासाचे मजूर

प्रश्न : मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी दिवसभर राबलेल्या मजुराला आणि शेवटचा तासभर काम केलेल्याला सारखीच मजुरी देतो. मी रोजंदारी केलेला माणूस आहे. मला हा न्याय पटत नाही. मंडळीत (चर्चमध्ये) ‘ही देवाची कृपा’ एवढेच उत्तर मिळते. कृपया खुलासा करावा.
– एक वाचक, जिल्हा जालना

उत्तर : आपली हरकत या दाखल्यातच, म्हणजे येशूने सांगितलेल्या या बोधकथेतच, आलेली आहे. 12व्या ओवीत पहाटेपासून उन्हात राबलेले मजूर तीच मांडतात. मात्र ‘आम्हांला कमी दिले’ असे न म्हणता ‘तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले’ असे म्हणतात. ठरलेला एक दिनार त्यांना मिळालेला आहेच. मजुरी शेवटच्यांपासून वाटायची, ही धन्याची आज्ञा (ओवी 8) नसती, तर पहिले मजूर आपला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते.

त्याआधीची 7वी ओवी आपण सहसा घाईने वाचतो. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नावर शेवटचे मजूर सांगतात, ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही.’ ते आळशी होते, असे मजकूर कुठेही म्हणत नाही. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर दुष्काळाच्या वर्षी दुपार उलटेपर्यंत कोण उरते, हे आपण जाणताच. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. काम तासभरच मिळाले, तरी घरच्यांची भूक दिवसभराचीच असते. गरिबाचे मन त्याच्या मजुरीकडे लागलेले असते, म्हणून ती सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात सांगितले आहे, आणि हा धनी संध्याकाळ होताच मजुरी चुकती करतो.

तरीही हा मजुरीचा कायदा नव्हे. ‘आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार?’ असे येशूचा शिष्य पेत्र याने मत्तय 19:27 मध्ये (19वा अध्याय, 27वी ओवी) विचारले आहे आणि हा दाखला येशूने त्याला दिलेल्या उत्तराचाच भाग आहे. अध्यायांची आजची विभागणी 13व्या शतकातील असल्यामुळे प्रश्न एका अध्यायात आणि दाखला दुसऱ्यात पडला. वास्तविक ‘पहिले ते शेवटचे, शेवटचे ते पहिले’ हे वचन 19:30 आणि 20:16 या दोन्ही ठिकाणी येऊन दाखल्याला दोन्ही बाजूंनी कुंपण घालते. आधी आलो म्हणून अधिक हक्क, ही शिष्याची अपेक्षा येथे तपासली जात आहे, आणि माझ्या मते जुन्या ख्रिस्ती घराण्यांनी आणि मंडळीच्या पंचांनी ती स्वतःला लावून पाहावी.

या दाखल्याचा आधार घेऊन कोणी मजुराला गप्प बसवत असेल, तर त्याला याकोबाच्या पत्रातील 5:4 दाखवावे. तेथे अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. पुढच्या शास्त्राभ्यासात 19:16 पासून 20:16 पर्यंतचा भाग न थांबता सलग वाचावा, अशी विनंती आहे.