कौटुंबिक आणि बाल न्यायालयात प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर नेमकं करतो काय?

तुम्ही विचारलंय की समाजकार्याची डिग्री झालीय, फॅमिली आणि जुव्हेनाइल कोर्टात प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरची जागा निघालीय, जाहिरातीत "विविध कार्यक्रमांचे समन्वयन" एवढंच लिहिलंय, तर यात दिवसभर करायचं काय असतं आणि नोकरी घ्यावी का. मी नऊ वर्षं हेच करतेय आणि पहिले तीन महिने मलाही कुणाला सांगता यायचं नाही. वकील का? नाही. क्लार्क? नाही. मग समुपदेशक? तेही धड नाही. कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, मुलांच्या केसेस आहेत, गाव कळलं की माणसं ओळखायला वेळ लागत नाही.

जज ऑर्डरमधे एक ओळ लिहितात, "मुलाने व कुटुंबाने समुपदेशन पूर्ण करावे". ती ओळ टाइप झाल्यापासून ते पोरगं खरंच त्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसेपर्यंत मधे जेवढं काही येतं तेवढं सगळं तुमचं. फोन, तारखा, फॉर्म, जागा शिल्लक आहे का, भाषा कुठली, येणार कसे, आई कामावरून सुटते कधी.

कार्यक्रम म्हणाल तर मीडिएशन (म्हणजे मध्यस्थी), वेगळे होणाऱ्या आईवडिलांसाठी पालकत्वाचे वर्ग, देखरेखीखाली मुलांच्या भेटी, व्यसनमुक्ती, मुलांचं गट समुपदेशन, शाळा बुडवणाऱ्यांसाठी काहीतरी, समाजसेवेचे तास, आणि पहिल्यांदाच चुकलेल्या मुलाला केस न चालवता बाहेरच्या बाहेर वळवायचं ते डायव्हर्जन. हे सगळं चालवतात वेगवेगळी माणसं, कुठे संस्था, कुठे हॉस्पिटल, कुठे मुलांवर देखरेख ठेवणारं प्रोबेशन ऑफिस, कुठे शाळा. यातलं कुणीही तुमच्या हाताखाली नसतं आणि घोटाळा झाला की सगळे तुमच्याकडेच बघतात, हे आधीच समजून घ्या.

कोर्टाची रचना जागोजागी वेगळी. काही देशांत घटस्फोट, मुलांचा ताबा, दुर्लक्षित मुलं आणि कायद्याशी संघर्ष झालेली (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली) मुलं हे सगळं एकाच छपराखाली असतं. भारतात मात्र वेगवेगळं आहे, कौटुंबिक न्यायालयं 1984 च्या कायद्याने आली आणि कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांचं बाल न्याय मंडळाकडे जातं, जिथे 2015 च्या कायद्याप्रमाणे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात एक तरी बाई असलीच पाहिजे. पण छप्पर एक असो की दोन, घर एकच असतं, आणि सगळी गंमत (म्हणजे डोकेदुखी) तिथेच सुरू होते.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. चौदा वर्षांचा मुलगा, मोबाइल चोरीत आलेला. धाकटी बहीण सहा वर्षांची, तिच्या ताब्याची केस दुसऱ्या कोर्टरूममधे चालू. आई शिफ्टमधे काम करणारी. तारखेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे तीन रिपोर्ट आले आणि तिन्हींत एकच शब्द, "असहकार्य". एकाने लिहिलेलं दोन गैरहजेऱ्या, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने "पालकांना रस दिसत नाही". जजनी विचारलं का नाही गेलात, तर ती बाई एवढंच म्हणाली, "जमलं नाही". बाहेर आल्यावर मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं ताई, आठवडा सांगा. तिने पर्समधून एक चारघडी कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला, त्यावर पेनाने लिहिलेलं: सोमवारी चारला मुलाची प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी, मंगळवारी साडेपाचला तिचा पालक वर्ग, बुधवारी मुलाचं ग्रुप, गुरुवारी तिघांचं फॅमिली सेशन, शनिवारी धाकटीची वडिलांशी भेट. पाच ठिकाणं, पाच दिशांना, आणि ज्या पाच जणांनी या वेळा दिल्या त्यातल्या एकालाही बाकीचे चार आहेत हे माहीतच नव्हतं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं हो, प्रत्येकाच्या रजिस्टरमधे ती खरंच गैरहजर होती.

पुढे अजून एक निघालं. एका ऑर्डरमधे होतं की संध्याकाळी सातनंतर मुलगा मोठ्या माणसाशिवाय घरी एकटा राहायला नको, आणि दुसऱ्या ऑर्डरप्रमाणे शनिवारी सातला आईनेच धाकटीला भेट-केंद्रावरून घ्यायचं होतं. दोन जज, दोन फाइली, दोघांचीही ऑर्डर आपापल्या जागी शहाणी. बाईने काहीही केलं तरी एक ऑर्डर मोडणारच. "एक कुटुंब, एक जज" अशी पद्धत काही ठिकाणी आणलीय ती यासाठीच. जिथे ती नाही तिथे दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो, तो म्हणजे तुम्ही.

मी तेव्हा आठवड्याचा एक कागद केला, सात रकाने, वर घरातल्या माणसांची नावं. मग फोनाफोनी. प्रोबेशन ऑफिसर तयार झाले की ग्रुप जिथे असतं तिथेच बुधवारी अर्धा तास आधी भेटतो, सोमवार सुटला. पालक वर्ग पुढच्या बॅचमधे ढकलला. शनिवारची वेळ दीड तास अलीकडे आणायला दोन्ही वकिलांची संमती आणि जजची सही लागली, त्यात तीन आठवडे गेले. सगळं लाइनीवर आलं असं म्हणणार नाही, मुलगा मधे दोनदा ग्रुप बुडवून गायब होताच, पण ते त्याचं बुडवणं होतं, वेळापत्रकाने बुडवलेलं नव्हतं, आणि रिपोर्टमधे हा फरक आला. तेव्हापासून प्रत्येक नव्या कुटुंबाचा असा कागद मी करतेच, ऑर्डर निघण्याआधी करायला मिळाला तर फारच बरं.

आता माझी स्वतःची चूक. देखरेखीखालच्या भेटींचा एक साधा नियम आहे, आईवडील एकमेकांसमोर येता कामा नयेत. म्हणून एकाने पंधरा मिनिटं आधी यायचं, दुसऱ्याने मुलाला सोडून निघून जायचं, शक्यतो दोन वेगळी दारं. मी एकदा घाईत दोघांना एकाच वेळेचा मेसेज पाठवला. कॉपी-पेस्ट. कॉरिडॉरमधे दोघं समोरासमोर आले, आरडाओरडा दोन मिनिटंच झाला असेल, पण तेवढा वेळ त्यांची पोरगी दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून भिंतीवरच्या नोटीस बोर्डकडे बघत उभी होती, आईकडे नाही, बापाकडे नाही, तिथे चिकटवलेली नियमावली वाचल्यासारखी. तिला वाचता येत नव्हतं अजून. आजही वेळेचे मेसेज मी दोन वेगळ्या बैठकीत टाइप करते, मधे उठून पाणी पिऊन येते.

मीडिएशनचंही असंच एक सांगते. पाठवण्याआधी दोघांना वेगवेगळं बसवून विचारा की घरात मारहाण, धमकी असं काही आहे का. एकत्र बसवून विचारलं तर उत्तर "नाही" असंच येतं, काय येणार दुसरं. समोरचा माणूस बोलतोय आणि ही प्रत्येक वाक्याला मान हलवतेय, असं दिसलं की मी तरी त्याला समेट म्हणत नाही, थांबवते आणि परत तिच्याशी वेगळं बोलते.

पुढचा मुद्दा नवीन माणसाला विचित्र वाटतो. जास्त कार्यक्रम म्हणजे जास्त मदत असं नसतं. किरकोळ चूक केलेला, शाळेत जाणारा, घर बरं असलेला मुलगा असेल आणि त्याला तुम्ही उत्साहाने चार कार्यक्रमांत घातलंत तर दोन गोष्टी होतात, एक तर तो मुरलेल्या मुलांच्या ओळखीत जातो आणि दुसरं म्हणजे चारातल्या एकाची गैरहजेरी झाली की तीच नवी केस बनून उभी राहते. जोखीम कमी असलेल्या मुलांना फार घट्ट धरलं की उलट बिघडतात हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. आणि अमेरिकेत सत्तरच्या दशकात मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवायचे कार्यक्रम निघाले होते, लोकांना फार आवडले, पण नंतर नीट चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की तिथे जाऊन आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. तरी दर वर्षी कुणीतरी भला माणूस माझ्याकडे तीच आयडिया घेऊन येतो, "एकदा जेल दाखवून आणा ना पोरांना".

भल्यासाठी म्हणून काय काय होऊ शकतं त्याचं मोठं उदाहरण या कोर्टांच्या इतिहासातच आहे. पहिलं बाल न्यायालय शिकागोत 1899 साली सुरू झालं, कल्पना अशी की जज मुलाच्या बापासारखा, मग वकील कशाला आणि साक्षीपुरावे कशाला. ते तसंच चालत राहिलं आणि 1964 मधे अ‍ॅरिझोनात 15 वर्षांच्या गॉल्ट नावाच्या मुलाला शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून 21 वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात राहण्याची ऑर्डर झाली. वकील नाही, तक्रार करणारी बाई सुनावणीला आलीच नाही, आईवडिलांना नीट नोटीस नाही. मोठ्या माणसाने तेच केलं असतं तर जास्तीत जास्त दोन महिने. 1967 मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि सांगितलं की मुलालाही नोटीस, वकील, साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क आणि गप्प राहायचा हक्क आहे. समन्वयकाला याच्याशी काय करायचंय असं वाटेल तुम्हाला. सांगते. मुलगा तुमच्यासमोर मोकळा होतो, "ताई अजून दोन मोबाइल होते", आणि तुम्ही ते भाबडेपणाने नोंदीत लिहिता. आरोप सिद्ध व्हायचा आहे अजून! म्हणून कुठली माहिती कुणाकडे जाणार हे आधी लेखी ठरवून घ्या. माझ्याकडून कोर्टाला फक्त आला का, किती वेळा, पूर्ण केलं का, आणि काही धोका असेल तर तो. सेशनमधे काय बोलला ते जात नाही. आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगायचं, फॉर्मवर सही घेऊन भागत नाही.

रिपोर्टच्या भाषेवर थोडी मेहनत घ्या. "असहकार्य", "बेजबाबदार पालक" असले शब्द मी लिहायचे सुरुवातीला, मला वाटायचं हीच कोर्टाची भाषा. आता लिहिते "आठपैकी पाच सेशनना हजर, तीन वेळा आईची शिफ्ट होती, दोनदा फोन करून कळवलं". जजना दुसऱ्या वाक्यावरून काहीतरी ठरवता येतं.

आकड्यांचं काम आहेच, एक्सेल शीट सुटत नाही. पण रकाने नीट पाडा. बहुतेक जण "पाठवले" आणि "पूर्ण केले" एवढंच मोजतात. मधला रकाना, "पहिल्यांदा पोचले", तो ठेवा, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे गळतात. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला की निम्मे लोक फोनच करत नाहीत, लाज वाटते, नंबर अनोळखी, चिठ्ठी हरवते. माझ्या टेबलावरून समोरच फोन लावून दिला, तिकडे कार्यक्रम चालवणाऱ्या ताईंशी दोन शब्द बोलायला लावले आणि तारीख तिथल्या तिथे ठरवली की बरेच जातात. याला कुठलंही बजेट लागत नाही, दहा मिनिटं लागतात फक्त.

कायद्याची डिग्री लागते का असंही विचारलंय तुम्ही. नाही लागत. कामापुरता कायदा वाचावा लागतो, विशेषतः मुदती, उदाहरणार्थ भारतात बाल न्याय मंडळापुढची चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची असते आणि सामाजिक तपास अहवाल (मुलाच्या घरच्या परिस्थितीचा) पंधरा दिवसांत द्यायचा असतो, मग सहा महिन्यांचा कार्यक्रम सुचवताना ते डोक्यात असलं पाहिजे. बाकी कॅलेंडर, फोन आणि कोर्टाच्या क्लार्कशी चांगले संबंध. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तारीख बदलली की ती बातमी आधी त्यांना कळते.

नोकरी घ्या असं मी म्हणेन, पण मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्या: कार्यक्रम बंद करायची शिफारस कोऑर्डिनेटरला करता येते का, आणि एका माणसाकडे किती कुटुंबं असतात. पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर समजा तुम्हाला फक्त रजिस्टर सांभाळायला घेतायत. आणि जॉइन झालात तर पहिला आठवडा टेबलावर बसू नका, कोर्टरूमबाहेरच्या बाकावर बसा, साध्या कपड्यांत, गळ्यात आयकार्ड न घालता. कोण कुणापासून लांब बसतंय, कुठलं पोरगं सकाळी दहापासून उपाशी आहे, कुणाला पुकारा झालेला ऐकूच आला नाही, हे फाइलमधे कधीच येत नाही, तिथूनच दिसतं.