इंदूरला बीएस्सी मॅथ्स करतोय, दुसऱ्या वर्षात दोन विषय राहिले, सोडून देऊ का?

लगेच सोडू नकोस रे. एटीकेटी लागली, म्हणजे राहिलेले विषय पुन्हा द्यावे लागले, तरी मॅथ्स तुझ्यासाठी नाहीच असं नसतं, आधी बघ नक्की अडतंय कुठे, कारण रिअल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या मुळाशी जाणाऱ्या विषयात, बारावीसारखं सूत्र टाकून भागत नाही, प्रत्येक पायरी सिद्ध करावी लागते आणि तिथेच भलेभले गडबडतात. एप्सिलॉन-डेल्टाची, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येवरची, एखादी सिद्धता वही बंद करून लिही, ज्या ओळीला अडशील ती सरांना दाखव. तरीही मन लागलं नाही तर खुशाल बदल! २०२० च्या शिक्षण धोरणात दोन वर्षं पूर्ण करून डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, म्हणून एटीकेटी आधी काढ. कोचिंग क्लासेसच्या भंवरकुआ भागात जाऊन फी भरायची घाई नको, आणि आई-बाबांना हे आजच सांग, प्लीज.